मॉथ ऑर्किडची पानं लोळू लागली, तर पाणी घालायच्या आधी मुळं बघा

ऑर्किडचं पान मऊ पडलं, सुरकुतलं आणि कुंडीच्या काठावर लोळायला लागलं, की घरात ज्याच्या आधी लक्षात येतं तो पाणी घालतो. आमच्याकडेही तेच झालं. ठाण्याच्या घरात तीन वर्षांत दोन मॉथ ऑर्किडं गेली, दोन्ही ऑगस्टमध्ये, आणि गेल्या वर्षी तिसरंही त्याच वाटेला लागलं होतं. त्या वेळी मी पाणी थांबवलं, झाड कुंडीतून उपसून काढलं, आणि तेव्हा कुठे पहिली दोन कशानं गेली ते उमगलं. तुमच्याकडे पहिलंच ऑर्किड आलेलं असेल आणि पावसाळ्यात ते मान टाकत असेल, तर हे वाचून मगच त्याला हात लावा.

आधी झाड कुठलं ते ओळखा

आपल्याकडे ऑर्किड म्हणून मुख्यतः दोन झाडं विकली जातात आणि दोघांची तब्येत वेगळी असते. मॉथ ऑर्किडची, म्हणजे फॅलेनॉप्सिसची पानं रुंद, जाड, जिभेसारखी असतात आणि ती आळीपाळीनं डाव्या-उजव्या बाजूला येतात. पानांच्या बेचक्यातून लांब दांडा निघतो आणि त्यावर पंख पसरलेल्या पतंगासारखी चपटी फुलं ओळीनं लागतात. डेंड्रोबियमला उसासारख्या उभ्या कांड्या असतात; पुष्पगुच्छात येणारी लहान जांभळी ऑर्किडं बहुतेक त्याची.

हा फरक महत्त्वाचा आहे, कारण डेंड्रोबियम कांड्यांमध्ये पाणी साठवतं आणि एक कांडी गेली तरी बुडातून दुसरी काढतं. मॉथ ऑर्किडला कांड्या नाहीत. त्याचं पाणी पानांत आणि मुळांत. आणि वाढायला शेंडा एकच, पानांच्या अगदी मधोमध. तो गेला तर दुसरा फुटेलच असं नाही.

पावसाळ्यातच का जातं?

मला हे कोडं सुटत नव्हतं. आपल्या सह्याद्रीत आंब्याच्या, जांभळाच्या झाडांवर सीतेची वेणी असते. तेही ऑर्किडच. चार महिने धो धो पावसात भिजतं आणि कुजत नाही. मॉथ ऑर्किडसुद्धा मूळचं इंडोनेशिया, फिलिपिन्सकडच्या ओल्या जंगलांतलं. त्याची एक जात तर इंडोनेशियाच्या राष्ट्रीय फुलांपैकी एक आहे. तिथे पाऊस आपल्यापेक्षा कमी नाही. मग घरात आठवड्याला वाटीभर पाण्यानं हे झाड मरतं कसं?

उत्तर मुळांत आहे. ही झाडं मातीत उगवतच नाहीत, फांद्यांना मुळांनी धरून राहतात. (काही जण त्यांना बांडगूळ समजून काढून टाकतात, ते वाईट वाटतं. बांडगूळ झाडाचा रस शोषतं. ऑर्किड फक्त आधार घेतं.) त्यांच्या मुळांवर स्पंजासारखा एक थर असतो, त्याला वेलामेन म्हणतात. पावसाची सर आली की तो थर झटकन पाणी पितो, आणि सर थांबली की वाऱ्यावर काही तासांत सुकतो. पाणी कितीही येवो, मुळांना हवा मिळत राहते. कुंडीत दाबून भरलेल्या ओल्या शेवाळात ती मिळत नाही. मुळं गुदमरतात, मरतात, आणि मेलेल्या मुळांवर बुरशी चढते. ठाण्या-मुंबईच्या जुलैत जिथे टॉवेल दोन दिवस वाळत नाही, तिथे ते शेवाळ, म्हणजे स्फॅग्नम मॉस, आठवडेच्या आठवडे ओलं राहतं.

आणि मुळं मेली की पानांपर्यंत पाणी पोचत नाही. म्हणून बुडालेलं झाड वरून अगदी तहानलेल्या झाडासारखं दिसतं. पान मऊ, सुरकुतलेलं, लोळणारं, दोन्ही वेळा एकसारखंच. नुसतं पान बघून निदान होऊच शकत नाही, हे मला दोन झाडं गेल्यावर कळलं.

आमच्या तीन झाडांची गोष्ट

पहिलं वास्तुशांतीला भेट आलं होतं. पांढरी फुलं, चिनी मातीची चकचकीत कुंडी. सासरे रोज सकाळी आंघोळ झाली की तुळशीला पाणी घालतात, आणि तांब्यात उरलेलं गॅलरीतल्या बाकीच्या कुंड्यांना. मी एकदा म्हटलं, "बाबा, याला रोज नको असतं म्हणे." ते म्हणाले, "अगं, पानं बघ ना कशी झालीत. तहानलंय ते." दिसत होतं ते खरंच तसं. झाड गेल्यावर कुंडी रिकामी केली तर कळलं, चिनी मातीच्या कुंडीला खाली भोकच नाही. आत पारदर्शक प्लास्टिकची कुंडी, आणि दोन्हींच्या मध्ये तळाशी दोन बोटं पाणी साचलेलं.

दुसऱ्या वेळी मी ती बाहेरची कुंडी काढून टाकली. पाणी आठ दिवसांनी, तेही वरचं मॉस कोरडं लागल्यावरच. बाबांनाही सांगितलं, त्यांनी ऐकलं. तरी ऑगस्टमध्ये तेच झालं. या वेळी मात्र मला काहीच कळेना, कारण चूक सापडत नव्हती.

ती सापडली तिसऱ्या झाडाच्या वेळी. पानं लोळायला लागल्याबरोबर मी वर्तमानपत्र पसरलं आणि झाड अलगद बाहेर काढलं. वरचं दोन बोटं मॉस कागदासारखं कोरडं. कुंडीच्या भिंतीला लागून असलेली काही मुळं चांगली टणक. आणि बरोबर मधोमध, खोडाच्या बुडाशी, लिंबाएवढा काळपट गोळा, बारीक जाळीत बांधलेला. तो चिमटीत दाबला तर पाणी टपकलं. शेवटचं पाणी घालून अकरा दिवस झाले होते.

हे रोप प्रयोगशाळेतून नर्सरीत येतं तेव्हा अगदी लहान असतं. ते आधी मॉसच्या छोट्या गोळ्यात लावतात, आणि मोठं झालं की गोळ्यासकट मोठ्या कुंडीत बसवतात. हरितगृहात, जिथे हवा खेळती आणि पाणी मोजून, तिथे याचा त्रास होत नाही. आपल्या घरी तो गोळा कधीच सुकत नाही. मी वर बोट लावून बघत होते, आणि कुजणं चार बोटं खाली चाललं होतं. दुसऱ्या झाडाचंही तेच झालं असणार. त्याच्या वाळलेल्या मुळक्यांत मला तसलाच गोळा सापडला होता, पण तेव्हा त्याचा अर्थ लागला नव्हता.

तुमच्या झाडाला नक्की काय झालंय?

फुलं असली तरी झाड बाहेर काढा. आजारी झाडाची फुलं जाऊ द्यावीत, झाड वाचलं पाहिजे.

मुळं बघताना डोळ्यांपेक्षा बोटांवर विश्वास ठेवा. एकेक मूळ दोन बोटांत हलकेच दाबा. जिवंत मूळ टणक लागतं, भिजलेली घेवड्याची शेंग लागते तसं. कोरडं असेल तर चंदेरी-पांढरं दिसतं आणि ओलं केलं की बघता बघता हिरवं होतं. कुजलेलं मूळ तपकिरी, पिचपिचीत; दाबलं की पाणी निघतं आणि साल सटकन हातात येतं, आत उरतो फक्त एक दोरा. त्याला मोरीसारखा कुबट वास येतो. तिसरा प्रकार, मूळ पोकळ, चपटं, कागदी आणि कोरडं ठणठणीत. ते तहानेनं मेलेलं. असं असेल तरच तुमचं झाड खरंच तहानलेलं होतं, आणि उपाय सोपा आहे: कुंडी वीस मिनिटं पाण्यात बुडवून ठेवा, नीट निथळू द्या, पुढे पाणी थोडं लवकर लवकर द्या. रंग एकटा फसवतो, कारण मॉसच्या आत दडलेली, उजेड न मिळालेली मुळंही पिवळट-तपकिरी दिसतात पण टणक असतात. ती कापू नका.

मग शेंडा बघा. मधलं सगळ्यात नवं पान हिरवं आणि घट्ट असेल तर झाडात जीव आहे, बाकीची पानं कितीही लोळोत. ते पान काळं-तपकिरी पडलं असेल, हलकेच ओढताच हातात येत असेल आणि बुडाशी चिकट ओल असेल, तर शेंडा कुजलाय. वरून पाणी ओतल्यावर पानांच्या मधल्या खोबणीत ते रात्रभर साचलं, की हे होतं. गॅलरीत पावसाची झड येत असेल तर जास्तच. पाणी साचलेलं दिसलं तर टिश्यू पेपरची सुरळी करून टिपून घ्या.

पानांच्या खालच्या बाजूला किंवा बेचक्यात कापसासारखं पांढरं काही दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून एकेक पुसून काढा, चार-पाच दिवसांनी पुन्हा, आणि पुन्हा. एकदा पुसून तो जात नाही. ऊन लागून पडलेला डाग वेगळा: तो एकाच बाजूला असतो, आधी पांढुरका मग तपकिरी, आणि पसरत नाही.

काही गोष्टींना मात्र घाबरू नका. सगळ्यात खालचं एखादं पान पिवळं पडून गळणं, हे वयानं होतं. दोन-तीन महिन्यांनी फुलं गळणं हा झाडाचा नेम आहे, ते मेलं असं समजून फेकून देणारे लोक मी पाहिलेत. कुंडीबाहेर हवेत निघालेली मुळं कापायची नाहीत, आत कोंबायचीही नाहीत. आणि ताजी फुलं एकदम एक-दोन दिवसांत माना टाकत असतील तर शेजारी फळं आहेत का बघा. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू निघतो. मे महिन्यात ज्या खोलीत आंब्याची अढी घातली असेल त्या खोलीत फुललेलं ऑर्किड ठेवू नये.

कुजलेली मुळं निघाली तर

सगळं मॉस काढा, तो मधला गोळासुद्धा. तो निघता निघत नाही. कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून, जाळी कात्रीनं कापून, चिमट्यानं थोडं थोडं ओढावं लागतं. मला पाऊण तास लागला. घाई केली तर चांगली मुळं तुटतात.

कात्री स्पिरिटनं पुसा किंवा गॅसवर टोक तापवून गार होऊ द्या. पिचपिचीत मुळं टणक भागापर्यंत कापा. फुलांचा दांडा असेल तर तोही बुडातून कापून फुलदाणीत ठेवा, नाहीतर उरलंसुरलं बळ झाड फुलांवर घालवतं. कापलेल्या टोकांना दालचिनीची पूड लावतात. ती बुरशी रोखते, पण ओलावाही ओढते, म्हणून फक्त जखमेवर, चिमूटभर. जिवंत मुळांवर भुरभुरू नका. बुरशीनाशकाची गरज मला पडली नाही. मेलेलं सगळं कापलं आणि हवा मिळाली की बहुतेक वेळा तेवढं पुरतं.

मग झाड एक पूर्ण दिवस सावलीत उघडंच ठेवा. जीव घाबरतो, पण जखमा सुकल्याशिवाय लावायचं नाही.

नवी कुंडी लहान घ्या, मुळं जेमतेम मावतील एवढी. झाड लोळतंय म्हणून मोठी कुंडी द्यावीशी वाटते. मोठी कुंडी म्हणजे जास्त ओल. पारदर्शक प्लास्टिकची असेल तर उत्तम, कारण मुळं दिसतात आणि ही मुळं उजेडात अन्नही तयार करतात. बाजूलाही भोकं हवीत. नसली तर तापलेल्या सळईनं पाडा.

भरायला माती नको, शेणखत नको, कोकोपीटही नको. नर्सरीत पुष्कळदा कोकोपीट सुचवतात; ते या झाडाला मॉसपेक्षाही जास्त गुदमरवतं. पाइन झाडाच्या सालीचे तुकडे ऑनलाइन मिळतात. ते नसतील तर लोणारी कोळसा, म्हणजे लाकडाचा, आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे. सोडण दोन-तीन दिवस भिजवून, पाणी बदलत राहून, त्यातला खार आणि लाल पाणी घालवावं लागतं. तुकडे सुपारीएवढे. मी दोन भाग साल आणि एक भाग कोळसा घेतला. भरताना दाबू नका, कुंडी हलकेच आपटून तुकडे बसू द्या. झाड डगमगत असेल तर काडीला सुतळीनं बांधा.

चार-पाच दिवस पाणी नाही. त्यानंतर मुळं चंदेरी दिसली की मोरीत नेऊन भरपूर पाणी कुंडीतून आरपार जाऊ द्यायचं, पंधरा मिनिटं निथळायचं, आणि खाली बशीत थेंबही ठेवायचा नाही. खत नव्या मुळाचं टोक दिसेपर्यंत अजिबात नको. दिसल्यावर १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं विद्राव्य खत) लिटरभर पाण्याला अर्धा ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा.

एकही मूळ उरलं नसेल पण शेंडा हिरवा असेल, तर झाकणाचा पारदर्शक डबा घ्या. तळाशी पिळून घेतलेलं ओलं मॉस, त्यावर जाळी किंवा उलटी वाटी, आणि तिच्यावर झाड, म्हणजे बुडाला ओल न लागता नुसता दमटपणा मिळेल. डबा उजेडात पण उन्हाबाहेर. रोज पाच मिनिटं झाकण उघडा. मुळं फुटायला दोन-तीन महिनेही लागतात आणि सगळी झाडं वाचत नाहीत, हे आधीच सांगते.

आमच्या झाडाला ऑगस्टमध्ये नवी कुंडी मिळाली. सप्टेंबरभर काहीच हललं नाही, उलट खालचं एक पान गेलं. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात खालच्या पानाच्या बुडातून मुगाला मोड यावा तसं एक टोक निघालं, हिरवं, चकचकीत. मी रोज सकाळी टॉर्च घेऊन ते बघायचे. डिसेंबरात नवं पान आलं. जुन्या पानांच्या सुरकुत्या पुरत्या गेल्या नाहीत, त्या जात नाहीत. नवं पान कसं येतं त्यावरून तब्येत समजते.

केव्हा थांबायचं, आणि नवं कसं निवडायचं

शेंडा कुजला, मुळं गेली आणि खोडाचं बूड दाबल्यावर मऊ लागलं, तर झाड गेलं. शेंडा गेला पण मुळं आणि खालची दोन पानं धडधाकट असतील, तर तीन-चार महिने वाट बघायला हरकत नाही. कधी कधी बुडातून पिल्लू फुटतं. गेलेल्या झाडाचं मॉस दुसऱ्या कुंडीत वापरू नका, आणि कुंडी साबणानं घासून उन्हात वाळवा.

नवं घ्यायचं तर माझ्या मते पावसाळ्यात घेऊच नये. दिवाळीनंतर घ्या. हवा कोरडी असते, चूक झाली तरी झाड सावरतं, आणि रात्री काही आठवडे २० अंशांच्या आसपास राहिल्या की पुढचा दांडाही याच काळात फुटतो. (दांड्याचं टोक किंचित चपटं, फक्त अंगठा वेगळा असलेल्या हातमोज्यासारखं असतं; मुळाचं टोक गोल.) पुण्या-नाशिकच्या थंडीत रात्री गॅलरीतून आत घ्या, १२ अंशांच्या खाली त्याला सोसत नाही.

दुकानात फुलं सगळ्यात शेवटी बघा. कुंडी उचलून उजेडात धरा: आतली मुळं हिरवी किंवा चंदेरी हवीत, कुंडीच्या तळाशी तपकिरी चिखल नको. पानं ताठ, मधलं पान निरोगी. एखादं पान थोडं उचलून बेचक्यात पांढरा कापूस नाही ना, ते बघा. सगळी फुलं उमललेलं झाड मोहात पाडतं. टोकाला तीन-चार कळ्या असलेलं घ्या, ते घरी जास्त दिवस फुलेल. घरी आल्याबरोबर जिलेटीन काढा, भोक नसलेली कुंडी बाजूला ठेवा, आणि दोन आठवडे बाकीच्या झाडांपासून लांब ठेवा. जागा पूर्वेच्या खिडकीची, किंवा जिथे दुपारी हाताची सावली पुसट पडते अशी. एसीचा झोत नको, कळ्या गळतात.

मधला गोळा नव्या झाडातही असण्याची शक्यता खूप. फुललेल्या झाडाला छेडू नका, फुलं संपली की मग काढा. तोवर एक साधी युक्ती: बांबूची बारीक काडी कुंडीच्या मधोमध बुडापर्यंत खोचून दहा मिनिटं ठेवा आणि बाहेर काढून गालाला लावा. गार लागली तर आत ओल आहे, पाणी नको.

बाबांनी काडीपेक्षा सोपी रीत काढली आहे. तुळशीला पाणी घालून झालं की ते ऑर्किडची कुंडी एका हातानं उचलतात, वजन घेतात, आणि मला आतून हाक मारतात, "अजून जड आहे गं, उद्या बघू."